उजव्या पायाचा

रविवारी आठला कुलूप काढलं.
चौदा जण येणार होते, नऊ आलो.
नाकाला रुमाल, हातात पहारी,
आणि माझ्या हातात वही,
कारण माझं अक्षर बरं, कंबर वाईट.
वहीत तीन रकाने: ठेवायचं, भंगार, डंपर.

आधी पंखे उतरवले. अकरा.
प्रत्येक पात्यावर देणगीदार रंगवलेला,
कै. पोशा धाकू तांडेल यांच्या स्मरणार्थ,
आणि इतकी वर्षं पंखा चालू असेपर्यंत
ते कोणालाच वाचता आलेलं नव्हतं.

मग भिंती.
पोपटी ऑइलपेंट खरवडला, खाली गुलाबी, त्याच्याखाली निळा.
भाटी गावात लग्नाचा सन कोणी सांगत नाही.
गुलाबी दिसला तशी फिलोमिना म्हणाली, "ही मी."
जोमाकाका निळ्यातले.
ते बोलले नाहीत, पत्र्याने खरवडत राहिले.

दुपारी वडापाव खाल्ला, धुळीसकट,
आणि स्टेजला हात घातला.
लॅम्बर्ट खिळे उपटून एकेक सरळ करून डब्यात टाकत होता.
पोरं हसली: नवीन आणू की, किलोने मिळतात.
"तांब्याचे आहेत," तो म्हणाला. "होडीचे."
मग गुडघ्यावर बसून एक डोळा मिटून
त्याने फळ्यांवरून नजर फिरवली.
स्टेज मधोमध किंचित फुगीर होतं.
बांधणाऱ्या सुताराला फक्त डेक ठाऊक,
त्याने छपराखालीसुद्धा
पाणी दोन्ही बाजूंनी वाहून जाईल याची सोय केली होती.
आणि आम्ही प्रत्येक भजनाला
तबल्याखाली पेपरची घडी सारत आलो,
तबलजीला शिव्या देत.

सहावी फळी निघाली तेव्हा खाली टॉर्च मारला.
नारळाच्या कवट्या. पीठ झालेल्या अक्षता.
सोसायटीच्या निवडणुकीची एक कोरी मतपत्रिका.
बाळाचं वाळं, काळं पडलेलं.
आणि बूट,
टोकदार, काळा, उजव्या पायाचा,
आत उंदराने नीट अंथरूण घातलेलं.

जोमाकाकांनी पहार खाली ठेवली.

गोष्ट सगळ्या गावाला पाठ आहे.
मेहुणीने बूट लपवले, एकशे एक मागितले.
पन्नास घेऊन एक दिला,
दुसरा आणायला गेली ती रिकामी आली.
"फटीतून आत पडला," म्हणाली.
"कुठली फट?" यांनी विचारलं, सगळ्यांसमोर.
नवरदेव मेव्हण्याच्या चपलांत घरी गेला.
पहिली काही वर्षं ती थट्टा होती.
मग कोणत्यातरी बारशाला
चोर हा शब्द हसल्याशिवाय म्हटला गेला.
त्यानंतर काकी माहेरी एकटी जायची,
भाऊच्या धक्क्यावरून, सुक्या बोंबलाची पिशवी घेऊन,
आणि परत आली की
करंजाचं नाव घरात निघत नसे.

फट होती.
विंगेजवळ, वीतभर, पडद्याच्या दोरीमागे.
लॅम्बर्टने त्यात हात घालून दाखवला
आणि लगेच काढून घेतला,
जणू दुसऱ्याच्या खिशात गेला होता.

काका बाहेर गेले.
फोन स्पीकरवर आहे हे त्यांना कळलं नसावं,
कळलं असेल तरी बंद कसा करायचा ते माहीत नव्हतं.
आम्ही आत हातोडे थांबवून उभे.
रिकाम्या हॉलमध्ये आता प्रत्येक शब्द दोनदा येत होता.
"चांगुणा," ते म्हणाले. "मिळाला."
काय, असं तिने विचारलंच नाही.
बराच वेळ तिकडून फक्त कुकरची शिट्टी.
मग:
"मंग माजं उरलेलं एक्कावन कवा देतस?"

पाचला डंपर आला.
ड्रायव्हर घाई करत होता, भरती लागायच्या आत
त्याला खाडीकडचा रस्ता गाठायचा होता.
फळ्या ठेवायच्या, पंखे भंगार, प्लास्टर डंपर,
सगळं लिहून मी बेरीज मारली.
बूट कोणत्याच रकान्यात नाही.
काका तो वडापावच्या कागदात गुंडाळून घेऊन गेले,
उंदराच्या अंथरुणासकट.